पोरगा म्हणतो मोठी, बाप म्हणतो छोटी

प्रश्न : मोर्शी तालुक्यात आमची अकरा एकर शेती आहे. चार एकर संत्रा, चार एकर कपाशीत तूर, तीन एकर सोयाबीन. ट्रॅक्टर नाही. बैलजोडी विकल्यापासून बंडीही दारात नुसती उभी आहे. आता माल वाहायला गाडी घ्यायचं ठरवलं आहे. माझं म्हणणं, छोटा हत्ती (टाटा एस) पुरे. मुलगा चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, घरीच आहे. तो म्हणतो, घ्यायची तर १.७ टनाची बोलेरो पिकअपच घ्या, भाडं मारून हप्ता मी फेडतो. रात्रंदिवस मोबाइलवर अमेरिकेतल्या पिकअप बघतो आणि ‘मोठ्या गाडीला पर्याय नाही’ हे मला ऐकवतो. गावात अशा तीन पिकअप आधीच आहेत. शोरूमवाल्याने छोटी रस्त्यावर येईपर्यंत सव्वापाच लाख सांगितली, मोठी साडेदहा. शेजारच्या गावात एक जुनी बोलेरो चार लाखांत मिळते आहे. मी सव्वा ते अडीच लाख रोख भरू शकतो, बाकी कर्ज. दसऱ्याच्या आत ठरवायचं आहे. घरात रोज खटके उडतात. काय करू?
– एक संत्रा बागायतदार

उत्तर : भाऊ, पत्रात तुम्ही गाड्यांच्या किमती लिहिल्या, एकरही लिहिले, पण संत्रा कसा विकता ते लिहिलं नाही. तुमच्या भागातले बहुतेक बागायतदार झाडावरच सौदा करतात. व्यापारी बगीचा बघतो, बोली होते, इसार (आगाऊ रक्कम) देतो आणि पुढे तोडणारे मजूर त्याचे, कॅरेट त्याचे, गाडीही त्याचीच. तुमचंही तसंच असेल, तर चार एकर संत्र्यासाठी तुम्हाला छोटी गाडी लागत नाही आणि मोठीही लागत नाही. तुमचा बगीचा दुसऱ्याच्याच गाडीत बसून जाणार.

मग राहिला सात एकरांचा माल. हात आखडून धरू नका, चांगलं साल धरा. तीन एकर सोयाबीनचे वीस-बावीस क्विंटल, चार एकर कपाशीचे तीस-पस्तीस क्विंटल, वर तूर पाच-सात. म्हणजे सगळं मिळून साठ क्विंटलच्या आसपास. छोट्या हत्तीत कागदावर ७५० किलो बसतात. कापूस वजनाआधी जागा खातो, म्हणून त्याच्या फेऱ्या थोड्या वाढतील. तरी वर्षाचा हिशेब दहा-बारा फेऱ्यांच्या वर जात नाही. पेरणीच्या वेळचं खत-बियाणं धरा, आणखी दोन-तीन. पंधरा फेऱ्यांसाठी सव्वापाच लाखांची गाडी दारात बांधणं हा सौदा मला पटत नाही. गावात तीन पिकअप आहेत म्हणता. सांगितल्या दिवशी त्यातली एक बोलवा, भाडं द्या, मोकळे व्हा. वर्षाकाठी जे भाडं द्याल, त्यात छोट्या गाडीचा विमा आणि टायरांची झीजही निघायची नाही.

थोडक्यात, तुमच्या शेतीला गाडीची गरज नाही. गरज आहे ती तुमच्या पोराला, आणि ती धंद्यासाठी. हे मान्य केलं की घरातलं भांडण अर्धं मिटतं, कारण मग ‘आपल्या मालाला किती मोठी गाडी पुरेल’ हा विषयच उरत नाही. विचार करायचा तो इतकाच, की मोर्शीच्या आसपास भाडं कशाला मिळतं आणि ते मिळवायला तुमचा मुलगा किती राबेल.

आधी मोठ्या गाडीची बाजू मांडतो, कारण पोराच्या बोलण्यात दम आहे. संत्र्याचं एक कॅरेट घ्या. फळ एकवीस-बावीस किलो, वर कॅरेटचं वजन दोन किलो. छोट्या हत्तीत पासिंगच्या (आरटीओने मंजूर केलेल्या) वजनात बत्तीस-तेहतीस कॅरेट बसतात, १.७ टनाच्या पिकअपमध्ये सत्तरच्या वर. आता अमरावतीची फेरी धरा, जाऊन-येऊन एकशे दहा किलोमीटर. छोटी पेट्रोलवर भरून सोळाचं अॅव्हरेज देते असं समजू, मोठी डिझेलवर बाराचं. पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ रुपये धरलं तर छोटीला सव्वासातशेचं तेल लागतं, मोठीला साडेआठशेचं. म्हणजे इतकी मोठी गाडी, पण फेरीमागे तेलाचा फरक सव्वाशे रुपये! संत्र्याच्या हिशेबात छोटीत क्विंटलला एकशे तीन-चार रुपये पडले आणि मोठीत पंचावन्न. ड्रायव्हर तोच, वेळ तोच, मार्केटच्या गेटवरचं ताटकळणंही तेच. भरलेली मोठी गाडी भरलेल्या छोटीला नेहमी हरवते, यात दुमत नाही.

पण ‘भरलेली’ या अटीवरच सगळं अडतं. त्याच फेरीत पाचच क्विंटल माल असेल तर छोटीत क्विंटलला १४५ पडतात आणि मोठीत १७०. आणि येताना? अमरावतीहून मोर्शीकडे येताना हौदा रिकामा आला, तर जातानाच्या भाड्यातूनच परतीचं डिझेल जाळलं. पिकअपच्या धंद्यात पैसा परतीच्या फेरीत असतो. किराणा दुकानदाराचा माल, कृषी केंद्राचं खत, सिमेंट, प्लायवूड, पशुखाद्याचे कट्टे यातलं काहीतरी येताना भरून आणणारा ड्रायव्हर टिकतो. रिकामा परतणारा दुसऱ्या वर्षी गाडी विकायला काढतो. तुमच्या मुलाला आज विचारा, ‘परतीचं भाडं कोणाकडून आणशील?’ उत्तरात चार दुकानांची नावं आली तर त्याने विचार केलेला आहे. ‘मिळतं बाबा’ असं उत्तर आलं तर विचार व्हायचा आहे.

मोठ्या गाडीबद्दल आणखी एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. तिचे मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दीड-पावणेदोन टन पेलायला बनवलेले असतात. हौद्यात तेवढं वजन असलं की गाडी बसून चालते, दणके कमी लागतात. दहा-पंधरा कॅरेट टाकून खड्ड्याच्या रस्त्याने न्या, मागची बाजू उडते आणि खालच्या थरातलं फळ दबून जातं. सालीवर काही दिसत नाही, दोन दिवसांनी डाग पडतो. व्यापारी हे जाणतो. म्हणून थोडा आंबिया (दिवाळीच्या सुमाराचा संत्रा) तोडला असला तर तो छोटीच बोलावतो.

आता तुमच्या छोट्या हत्तीकडे येतो. २००५ साली टाटा एस आली आणि गावात तिचं नाव छोटा हत्ती पडलं, ते उगीच नाही. आठवडी बाजार करणारे भाजीवाले, कापडवाले, भांडीवाले, मंडपवाला, पाण्याचे कॅन, दुधाचे कॅन, एखादं फ्रिज, एखाद्याचं घरसामान ही छोटीची भाडी. रक्कम लहान, पण ही रोजची. बाजाराचे वार ठरलेले असतात, त्यामुळे दोन-तीन बाजारवाले पक्के धरले की आठवडा लागतो. मोठीचं भाडं हंगामाला चिकटलेलं असतं. दसरा-दिवाळीत सोयाबीन, मग आंबिया बहार, हिवाळाभर कापूस, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहार. एप्रिलनंतर हळद-लग्नाचं सामान, बांधकामाचं साहित्य. पेरणीच्या वेळी खतं. आणि मग श्रावण-भाद्रपदात गाडी निंबाखाली उभी. हप्ता मात्र त्या महिन्यातही पाच तारखेला कापला जातो. ट्रॅक्टरच्या कर्जाला सहामाही हप्ते मिळतात, पिकावर फेडता येतात. पिकअपला धंद्याची गाडी समजतात आणि हप्ता बहुतेक ठिकाणी महिन्याचाच पडतो.

आकडे बघा. मोठीसाठी आठ लाख कर्ज, ११ टक्के व्याज, पाच वर्षं : हप्ता सुमारे १७,४०० रुपये. छोटीसाठी चार लाख : सुमारे ८,७००. दर तुमची बँक किंवा फायनान्स कंपनी कमी-जास्त लावेल, प्रमाण हेच राहील. सतरा हजारांचा हप्ता उभ्या गाडीने दोन महिने भरायचा म्हणजे पस्तीस हजार, आणि ते कपाशीच्या फवारणीच्या पैशातून जातात. घरात खरा खटका त्या दिवशी उडेल. आजचा काहीच नाही.

पावसाळ्याचा विषय निघालाच आहे तर काळ्या मातीचं बोलून घेऊ. पोरगा म्हणत असेल, मोठी गाडी थेट वावरात जाईल. उन्हाळ्यात जाईल. जुलैत पांदणीला ट्रॅक्टरच्या चाकांनी खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात, मधे वरंबा उरतो. छोटीची चाकं लहान आणि पोट खाली, त्यामुळे ती त्या वरंब्यावर पोटावर बसते आणि मागची चाकं नुसती चिखलात फिरतात. मोठी उंच आहे म्हणून वरंबा ओलांडते. पण हौदा रिकामा असला की मागच्या चाकांवर वजनच नाही आणि ताकद मागच्याच चाकांना, म्हणून तीही जागेवर घसरत राहते. शेवटी दोघींनाही ओढायला कोणाचा तरी ट्रॅक्टर लागतो. तुमची पांदण शासनाच्या मातोश्री पाणंद योजनेत खडीची झाली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर माल सडकेपर्यंत आणायचं काम ट्रॅक्टर-बंडीचंच, गाडी छोटी असो की मोठी. चार बाय चार (चारही चाकांना ताकद असलेली) घ्या असं कोणी सुचवेल. वर्षातल्या चिखलाच्या दोन महिन्यांसाठी तो खर्च भाड्याच्या गाडीला झेपत नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओंचं एवढंच सांगतो. तिकडे मिडसाइज म्हणजे टोयोटाची टॅकोमा, फोर्डची रेंजर. फुलसाइज म्हणजे एफ-१५०, सिल्व्हराडो. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून त्या देशात सगळ्यात जास्त खपणारी पिकअप आहे. पण तिकडे ती बऱ्याच घरांची रोजची मोटार असते. माणूस ऑफिसला जातो, मुलांना शाळेत सोडतो, सुट्टीत मागे बोट किंवा घोड्यांचा ट्रेलर ओढतो. एफ-१५०ची रुंदी आरसे सोडून दोन मीटरच्या वर भरते. समोरून बैलबंडी आली तर मोर्शीच्या पांदणीत दोघांपैकी एकाला उलटं जावं लागेल. तिथला वाद आराम आणि ओढायच्या ताकदीचा, आपला वाद क्विंटलमागच्या भाड्याचा. बघू द्या त्याला, करमणूक आहे. फक्त तो हिशेब इकडे लावू नका.

कागदपत्रांत छोटी-मोठीचा एक फरक खरोखर महत्त्वाचा आहे. गाडी अधिक माल मिळून एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे त्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्याच्या वर गेलं की लागतं. छोटा हत्ती निवांत आत बसतो. १.७ टनाची गाडी घेताना आरसीवर (नोंदणीपत्रावर) एकूण वजन किती येणार हे विक्रेत्याकडून लिहून घ्या आणि परमिटचा खर्च किमतीत धरा. बाकी पिवळी पाटी दोघींनाही, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस आणि नंतर दरवर्षी. मुलाकडे साधं चारचाकीचं लायसन्स असेल तर ते पुरतं. साडेसात हजार किलोच्या आतल्या मालवाहू गाडीसाठी वेगळ्या शिक्क्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं आहे. आणि एक दिलासा : सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. शोरूमवाल्याने दिलेलं कोटेशन त्याच दराने आहे ना, हे एकदा बघून घ्या.

‘पासिंगपेक्षा थोडं जास्त भरलं तर चालतं’ असं गावातले तिन्ही पिकअपवाले तुम्हाला सांगतील. चालतं, पकडेपर्यंत. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवायचा खर्चही तुमच्याच डोक्यावर. एका पावतीत महिन्याचं भाडं जातं.

याहून मोठी चिंता मला मजुरांची वाटते. गाडी मोठी असली की वेचणीच्या दिवसांत फोन येणारच : ‘पंचवीस बाया आहेत, त्या गावाहून आणून सोड, माणशी इतके देतो.’ भाडं सोपं, रोजचं, डिझेलही कमी. मालगाडीच्या हौद्यात माणसं वाहणं कायद्यात बसत नाही आणि गाडीच्या विम्यात मागे उभ्या असलेल्या बाया धरलेल्या नसतात. गाडी पलटली तर भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते, आणि पैशाने भरून न येणारं वेगळंच. मुलाला गाडी द्याल त्याच दिवशी हे तोडून सांगा. इथे मी सल्ला देत नाही, अट घालतो आहे.

तर माझं मत. दसऱ्याची तारीख सोडा. सोयाबीन आणि आंबिया बहाराच्या दिवसांत चालत्या पिकअपवाल्यांना ड्रायव्हर मिळत नाही. कोणाकडे तरी मुलाला दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत गाडीवर पाठवा, पगारावर. जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. तिथे रात्र काढायची, सकाळी ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की शेतकऱ्याची बोलणी ऐकायची, काट्यावर नजर ठेवायची, हमालीवरून घासाघीस करायची आणि मग परतीचं भाडं शोधत दुपारी दुकानं धुंडाळायची. हे सगळं दोन-अडीच महिने करून त्याला पुन्हा गाडीच हवी असेल, तर मोठी घेऊन द्या. माझा त्याच्या निवडीला विरोध नाही. तोवर त्याच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबरही जमलेले असतील. गाडी आणि कर्ज त्याच्या नावावर करा, तुम्ही जामीन राहा, अडीच लाख रोख भरा आणि दोन हप्त्यांइतकी रक्कम श्रावणासाठी बाजूला ठेवा.

आणि दसऱ्याला गाडी दारात आलीच पाहिजे असा घरचा हट्ट असेल तर छोटी घ्या. चुकली तरी पावणेनऊ हजारांच्या हप्त्याने चुकेल, आणि मुलगा एका आठवडी बाजाराच्या भाड्यावरही ती चालवू शकेल. मधल्या गाड्या, अशोक लेलँडची दोस्त किंवा टाटाची इंट्रा, एक-दीड टनाच्या आसपास बसतात. त्या वाईट नाहीत. पण तुमच्याकडे दोन मतं आहेत म्हणून मधली घेणं मला मान्य नाही. बापाचंही मन राहिलं आणि पोराचंही राहिलं, एवढ्यासाठी सात-आठ लाख घालू नयेत.

राहिली ती चार लाखांची जुनी बोलेरो. मोह होण्यासारखी किंमत आहे. मिस्तरी घेऊन जा, पण बोनेटकडे शेवटी वळा. आधी हौद्याखाली वाका. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, कुठे वेल्डिंगचा जाड टाका किंवा वरून लावलेली नवी पट्टी दिसते का ते बोटाने चाचपा. ताजा काळा रंग तिथेच मारला असेल तर खरवडून बघा. मग दोन्ही बाजूंचे पाटे मोजा आणि गावातल्या दुसऱ्या बोलेरोच्या पाट्यांशी ताडून बघा. एक-दोन पाटे जास्त निघाले तर मालकाने आयुष्यभर ओव्हरलोड भरला आहे, किलोमीटर काहीही दाखवत असो. हे ठीक असेल तरच आरसी मागा : फिटनेस कधीपर्यंत आहे, दंडाची चलनं थकली आहेत का, आणि फायनान्सचा बोजा उतरला आहे का. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडेपर्यंत इसार म्हणून हजार रुपयेही देऊ नका. मालक कितीही ओळखीचा असला तरी.